होर्यूजीच्या भिंती

ओसाकाहून नाराकडे जाणाऱ्या गाडीतले बहुतेक पर्यटक होर्यूजी स्टेशनवर उतरत नाहीत. नाराला मोकाट फिरणारी हरणं आहेत, तोदाइजीचा प्रचंड बुद्ध आहे, फोटोंना तोटा नाही. होर्यूजी त्याच्या अलीकडे, इकारुगा नावाच्या लहानशा गावात. ओसाकात नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं बनवलेल्या यादीत ते नव्हतंच. “आई, एका दिवसात दोन्ही कसं जमेल?” हा तिचा प्रश्न. मी म्हटलं, तुम्ही दोघं हरणं बघा, मला होर्यूजीला सोडा आणि संध्याकाळी घ्यायला या. तेव्हा ह्यांनी निकाल दिला, “हरणं आपण आपल्याकडे सिद्धार्थ उद्यानात पाहिलीत की!”

माझा हट्ट जुना आहे. ए.टी.डी. ही कलाशिक्षकाची पदविका करत होते तेव्हा कलेतिहासाच्या पुस्तकात डाव्या पानावर अजिंठ्याचा पद्मपाणी आणि उजव्या पानावर होर्यूजीच्या भिंतीवरचा बोधिसत्त्व असे दोन काळेपांढरे फोटो शेजारी शेजारी छापलेले होते. छपाई इतकी वाईट की दोघांचेही चेहरे काजळी फासल्यासारखे. पण मान तशीच कललेली, डोळे तसेच अर्धे मिटलेले. पुढे संभाजीनगरच्या शाळेत चित्रकला शिकवताना मुलांना घेऊन अजिंठ्याला जायचे, पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर उभी राहायचे, आणि दर वेळी ते उजवं पान आठवायचं.

स्टेशनपासून देवळापर्यंत बस आहे, पण आम्ही चालत गेलो. वीसेक मिनिटं लागली. शेवटचा टप्पा पाइनच्या दुतर्फा रांगांमधून जातो. ऑक्टोबर सरत आला होता. घरांच्या कुंपणाआड नारिंगी फळांनी लगडलेली झाडं दिसत होती. हिमाचलात ज्याला जपानी फळ म्हणतात तेच हे. मासाओका शिकी या कवीनं १८९५ साली हे फळ आणि होर्यूजीची घंटा एका हायकूत आणली. त्या तीन ओळींनी देवळाला दिलेली प्रसिद्धी जाहिरातीनं मिळाली नसती. देवळात तळ्याकाठी त्या हायकूचा शिलालेख आहे आणि बाहेर दुकानांत त्या फळाचं आइस्क्रीमसुद्धा मिळतं. चवीला ठीक.

तिकीट माणशी दोन हजार येन, म्हणजे आपले अकराशे-बाराशे रुपये. ह्यांनी मनात गुणाकार केला, तो चेहऱ्यावर दिसला. आमच्या वसाहतीतल्या विहारात जायला तिकीट लागत नाही, दीक्षाभूमीलाही लागत नाही. तिकीट काढून बुद्धाकडे जायचं म्हणजे विचित्रच वाटतं. पण आत गेल्यावर त्या पैशांचं काय होतं ते कळलं आणि कुरकुर थांबली.

होर्यूजी म्हणजे एक देऊळ नव्हे, मोठा परिसर आहे. पश्चिमेला मुख्य आवार, पूर्वेला दुसरं, मध्ये संग्रहालय. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारती पश्चिमेच्या आवारात उभ्या आहेत. सम्राट योमेईच्या आजारपणात बुद्धाची मूर्ती आणि विहार करण्याचा संकल्प सोडला होता, तो त्याच्या मृत्यूनंतर सम्राज्ञी सुइको आणि राजपुत्र शोतोकू यांनी ६०७ साली पुरा केला, असा इथला इतिहास. ६७० साली सगळं जळालं. ‘निहोन शोकी’ या जुन्या बखरीत तशी नोंद आहे. तरी आताच्या इमारती मूळच्याच की नंतरच्या, यावर जपानी विद्वान कित्येक वर्षं भांडले. शेवटी १९३९ च्या उत्खननात शेजारीच जुन्या देवळाचा पाया सापडला. आता दिसतं ते ६७० नंतरचं. म्हणजे “फक्त” तेराशे वर्षांचं!

मधल्या दरवाजाशी दोन द्वारपाल उभे आहेत, एक लाल, एक काळा, दोघेही भयंकर. इथंच आम्हाला एक स्वयंसेवक मार्गदर्शक भेटले. सत्तरीच्या पुढचे, इंग्रजी सावकाश पण चोख. कुठून आलात, विचारलं. मुलीनं सांगितलं, अजिंठ्यापासून शंभरेक किलोमीटरवर राहतो. त्यांनी टोपी काढली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. आम्ही तिघं चपापलो. अजिंठा आम्ही काढलेला नव्हता! पण त्यानंतर त्यांनी आमच्यावर जो वेळ खर्च केला तो त्या नमस्काराच्या हिशेबातला असावा.

आवारात पाऊल टाकलं की डावीकडे पाचमजली मनोरा, उजवीकडे कोन्दो, म्हणजे मुख्य सभागृह. दोघं एकमेकांसारखे नाहीत, एकामागे एकही नाहीत. एक उंच, एक रुंद, तरी तोल बरोबर. भोवतीच्या ओवऱ्यांचे खांब मधोमध किंचित फुगीर आहेत. ते ग्रीसहून आलेलं वळण, असं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका वास्तुतज्ज्ञानं मांडलं आणि ते अजून माहितीपत्रकांतून फिरतं. मार्गदर्शक हसून म्हणाले, ऐकायला छान आहे, पुरावा नाही.

मनोऱ्याशी ह्यांचा मुक्काम पडला. सार्वजनिक बांधकाम खात्यात जन्म गेलेला माणूस, त्यातून भूकंपाच्या देशातला साडेबत्तीस मीटर उंच लाकडी मनोरा. मधोमध खालपासून वरपर्यंत एक खांब आहे. त्या खांबाच्या पायाशी बुद्धाचे अवशेष ठेवलेले आहेत. मजले एकमेकांवर रचलेले, लाकडात लाकूड अडकवून केलेले सांधे, त्यांना थोडं हलायला जागा. जमीन हादरली की मजले आपापले डोलतात. मधल्या खांबाच्या लाकडाची वर्तुळं मोजून शास्त्रज्ञांनी सांगितलं की ते झाड ५९४ च्या सुमारास तोडलं. मग ते मनोरा बांधेपर्यंत इतकी वर्षं कुठं होतं? कुणी म्हणतं साठवलेलं, कुणी म्हणतं दुसऱ्या इमारतीतून काढलेलं. “आपल्याकडे असतं तर मी सांगितलं असतं, टेंडर अडकलं होतं,” हे म्हणाले.

शिखराच्या दांड्याला चार विळे लावलेले आहेत, खरेखुरे. विजेला दूर ठेवण्यासाठी म्हणे.

मनोऱ्यावर चढता येत नाही. तळमजल्याच्या चारी बाजूंना पायऱ्या चढून जाळीतून आत बघायचं. आत मातीची छोटी छोटी चित्रं उभी आहेत, ७११ सालची. पूर्वेला विमलकीर्ती आणि मंजुश्री यांचा वाद, पश्चिमेला बुद्धाच्या अस्थींची वाटणी, दक्षिणेला मैत्रेयाचा स्वर्ग. उत्तरेच्या बाजूला महापरिनिर्वाण. तिथून मला मुलीनं ओढून काढलं, नाहीतर मी संध्याकाळपर्यंत उभी राहिले असते.

अजिंठ्याच्या सव्वीसाव्या लेण्यातलं महापरिनिर्वाण मला पाठ आहे. दगडात आडवा झालेला अवाढव्य बुद्ध आणि खाली बसलेले शिष्य. त्यांचं दुःख आवरलेलं आहे. कुणी डोकं हातावर टेकवलंय, कुणी नुसता बसलाय. इथल्या भिक्षूंनी काही आवरलेलं नाही. तोंडं आ वासलेली, माना मागे टाकलेल्या, एक छाती बडवतोय, बरगड्या मोजता येतील अशा. वीतभर मातीत एवढा आक्रोश! आमच्या शाळेत मुलांना मी मातीकामात ‘हावभाव’ शिकवायचे तेव्हा हसरे चेहरे पटकन जमायचे आणि रडके कायम फसायचे, कारण मुलं फक्त ओठ खाली वळवायची. इथं रडणं खांद्यात आहे, पोटात आहे. फोटो काढायला बंदी आहे, ते बरंच. मी वहीत पेन्सिलीनं दोघांना उतरवून घेतलं. रखवालदारानं पाहिलं आणि काही बोलला नाही.

मग कोन्दो. चपला काढायच्या म्हणून मी उंबऱ्याशी वाकले, पण इथं काढत नाहीत. पायाखाली कडक जमीन, आत अंधार, कठड्याआड मूर्ती. मधोमध शाक्यमुनी आणि दोन बोधिसत्त्व. ६२३ साली तोरी नावाच्या मूर्तिकारानं केलेलं हे ब्राँझचं त्रिकूट राजपुत्र शोतोकूच्या नावानं घडवलं गेलं. लांबट चेहरा, बदामी डोळे, वस्त्राच्या चुण्या खाली धबधब्यासारख्या सुटलेल्या. मथुरेचा किंवा सारनाथचा बुद्ध डोळ्यांपुढे असेल तर हा परका वाटतो. तरी हात आपोआप जुळले. घरी रोज म्हणतो ती वंदना मी पुटपुटत म्हटली. शेजारी पिवळ्या टोप्या घातलेली शाळेची मुलं रांगेनं पुढे सरकत होती, त्यातल्या एकीनं माझ्याकडे वळून पाहिलं आणि तीही हात जोडून उभी राहिली. तिच्या बाईंनी तिला पुढे ढकललं.

आणि भिंती. मी ज्याच्यासाठी आले होते त्या भिंती.

त्या खऱ्या नाहीत, हे मला आधीपासून ठाऊक होतं. तरी प्रत्यक्ष बघताना पोटात खड्डा पडला. चित्रं समोर होती, बोधिसत्त्व होता, कललेली मान होती. सगळं नीटनेटकं, शांत, १९६७-६८ सालचं.

काय झालं ते मार्गदर्शकांनी बाहेर आल्यावर ओवरीत थांबून सांगितलं. ते सांगतानाही त्यांचा आवाज बदलला, आणि हा माणूस तेव्हा फार तर तान्हा असेल. भिंतींचे रंग हळूहळू झडताहेत म्हणून १९४० साली जपानमधले नामांकित चित्रकार त्यांच्या नकला करायला बसले. युद्धातही काम रेंगाळत चालू राहिलं. जानेवारीत इथं कडाक्याची थंडी. चित्रकार बसायला विजेवर तापणाऱ्या गाद्या वापरायचे. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे कोन्दोला आग लागली. कारण त्या गाद्यांपैकी एक, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. दुरुस्तीसाठी वरचा मजला उतरवून ठेवलेला होता, मूर्ती हलवलेल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. आतल्या भिंतींवरच्या उडत्या अप्सरांचे छोटे तुकडेही काढून ठेवलेले होते, तेही वाचले. बाहेरच्या बारा भिंतींचे रंग मात्र करपले. जतन करण्यासाठी नकला करत होते आणि नकला करण्याच्या खटपटीतच मूळ गेलं.

जपाननं पुढच्याच वर्षी सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. १९५५ पासून दर २६ जानेवारीला देशभरातल्या देवळांत अग्निशमनाची कवायत होते. आपण झेंडावंदन करून जिलेबी खात असतो तेव्हा इथं देवळांच्या छपरांवर पाण्याचे फवारे उडत असतात.

जळालेल्या भिंती फेकलेल्या नाहीत. काळवंडलेल्या खांबांसकट त्या देवळाच्याच आवारात एका वेगळ्या बंद इमारतीत उभ्या केल्या आहेत. सर्वसाधारण पर्यटकाला त्या दिसत नाहीत. आगीच्या चौदा वर्षं आधी, १९३५ साली, क्योतोच्या बेनरिदो या छापखान्यानं भिंतींचे मूळ आकारातले फोटो काचेच्या पट्ट्यांवर घेतले होते. त्यांच्या आधारानं पुढे चित्रकारांनी ही नवी चित्रं रंगवली.

मला तिथं अजिंठ्याच्या नकलांची गोष्ट सांगावीशी वाटली. मुलीनं भाषांतर केलं. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८४० च्या दशकापासून अजिंठ्यात राहून मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावली होती, १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याला तळ ठोकून राहिले. त्या नकलाही लंडनलाच गेल्या, आणि १८८५ साली त्यांतल्या बऱ्याच आगीत सापडल्या.

मार्गदर्शक म्हणाले, तिसरी आग तुम्ही विसरलात. ती आमची.

ते बरोबर होतं. अराई कानपो हा जपानी चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या बोलावण्यावरून भारतात आला. १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात त्यानं सहकाऱ्यांबरोबर नकला केल्या. त्या तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत राख झाल्या. हाच अराई पुढे १९४० मध्ये होर्यूजीच्या भिंतींपुढे नकला करायला बसला. ते काम अपुरं असतानाच १९४५ साली तो वारला. त्याच्या हातांना दोन्ही माहीत होतं, अजिंठ्याची रेघ आणि इथली रेघ. असा दुसरा माणूस मला माहीत नाही.

आणि खरं सांगायचं तर, ती रेघ एक नाही. पुस्तकातल्या त्या दोन पानांनी माझी जी समजूत करून दिली होती ती अर्धीच खरी. मान तीच, कमरेतला बाक तोच, दागिने, बोटांची ठेवण, सगळं आपल्याकडून निघून वाळवंटं ओलांडून, चीनमधून इथं पोचलेलं. पण अजिंठ्याची रेघ जाड होते, बारीक होते, गालाशी विरते. इथली तांबडी रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी, तारेसारखी. चिनी दरबारी चित्रकाराच्या हातचं ते वळण आहे. हे नकलेतही दिसतं. त्यासाठी मूळच हवं असं नाही.

संग्रहालयाबद्दल फार लिहीत नाही. तिथं एवढं आहे की डोळे थकतात. दोन मीटरहून उंच, शिडशिडीत कुदारा कान्नोन या बोधिसत्त्वाची लाकडी मूर्ती बघावी. भुंग्यांच्या चमकत्या पंखांनी मढवलेला म्हणून प्रसिद्ध असलेला छोटा देव्हारा बघावा. पंख जवळजवळ सगळे गळून गेलेत, पण त्याच्या एका बाजूवर भुकेल्या वाघिणीपुढे स्वतःला टाकणाऱ्या राजपुत्राची जातककथा रंगवलेली आहे. तो वर झाडाला वस्त्र टांगतो, मध्ये हवेत सूर मारतो, खाली वाघीण त्याला खाते. एकाच चौकटीत तीन वेळा तोच माणूस. अजिंठ्याच्या भिंतीवर गोष्ट अशीच सांगतात. इथं मला घरी आल्यासारखं वाटलं, भिंतींपेक्षा जास्त.

पूर्वेच्या आवारात युमेदोनो हा अष्टकोनी मंडप आहे, ७३९ सालचा. त्यातली गुझे कान्नोनची मूर्ती वर्षातून दोनदाच, वसंतात आणि शरदात महिनाभर, दाखवतात, आणि आम्ही त्या महिन्यात आलो होतो. शतकानुशतकं ती कापडात गुंडाळून बंद ठेवलेली होती. १८८४ साली फेनोलोसा हा अमेरिकन प्राध्यापक आणि त्याचा जपानी साथीदार ओकाकुरा सरकारी हुकूम घेऊन आले. उघडली तर भूकंप होईल अशी भिक्षूंची भीती होती. झाला नाही. अंधारात वाकून, जाळीला नाक लावून पाहिल्यावर ती दिसली. माणसाएवढी, लाकडावरचा सोन्याचा मुलामा जवळजवळ शाबूत. कुणी पाहिली नाही म्हणून टिकली.

स्टेशनकडे परत जाताना बसमध्ये वाद झाला. ह्यांचा मनोऱ्यावर जीव जडला होता. १९३४ ते १९८५ अशी पन्नास वर्षं या देवळाची मोठी दुरुस्ती चालली. युद्धाच्या काळात बॉम्बच्या भीतीनं मनोराही उतरवायला घेतला होता, आणि नंतर लाकूड अन् लाकूड परत जागेवर बसवलं. निशिओका त्सुनेकाझू हा देवळाचा पिढीजात सुतार त्या कामात होता. कुजलेला भाग कापून तिथं हिनोकी नावाच्या झाडाचं नवं लाकूड जोडायचं, बाकीचं तसंच ठेवायचं, अशी पद्धत. छपरावरचा कौलांचा भार उतरवल्यावर तेराशे वर्षांची लाकडं हळूहळू वर उचलली गेली, आणि रंधा मारला की हिनोकीचा वास आला, असं त्यानं सांगून ठेवलंय. हे त्यावर फिदा. म्हणाले, “अर्धं लाकूड बदललं असतं तरी तो मनोरा मूळचाच.”

“मग आईच्या भिंती का खोट्या?” मुलीनं विचारलं.

“कारण मनोऱ्यात भार जुन्याच वाटेनं खाली उतरतो,” हे म्हणाले. “लाकूड नवं असलं तरी काम तेच करतं.”

मी म्हटलं, चित्राला भार नसतो, हात असतो. तो हात गेला.

मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, “अजिंठ्याच्या पायथ्याशी ते केंद्र झालं होतं ना, पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या, सतराव्या लेण्याच्या प्रतिकृतींचं? तिथं तू पोरांना दोन-दोन तास बसवून चित्रं काढायला लावायचीस. वरच्या खऱ्या लेण्यात आम्हाला पाच मिनिटं मिळायची, अंधारात, धक्के खात. माझा पहिला पद्मपाणी मी खालच्या खोट्यावरून काढलाय.”

ते केंद्र पुढे बंद पडलं, त्याची हळहळ मीच सगळ्यांत जास्त केली होती.

“इथंही पोरांना बसू द्यायला हवं होतं,” मी म्हटलं. “नक्कलच आहे तर पुढे कशाला ढकलायचं त्यांना?” तेवढ्यात स्टेशन आलं आणि हे सुट्टी नाणी शोधायला लागले.